उघड्या दाराची साक्ष : पंडिता रमाबाई आणि आजचे आपले धैर्य

भीमातीर

सर्वांना ख्रिस्तात सप्रेम सलाम.

आमच्या मंडळीत गेले काही महिने एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येत आहे. प्रार्थनासभेसाठी वर्षानुवर्षे आपले घर देणारी माणसे शेजारी काय म्हणतील या काळजीने कचरू लागली आहेत, आणि त्याच वेळी काही तरुणांना असे वाटते की विरोध जितका वाढेल तितक्या मोठ्याने बोलले पाहिजे, नाहीतर आपला विश्वास लेचापेचा ठरेल. या दोन्ही टोकांच्या मुळाशी मला एकच गैरसमज दिसतो, तो असा की साक्ष देण्याचे धैर्य आवाजाच्या पट्टीवरून मोजायचे असते. यावर उपदेश करण्यापेक्षा पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातील १८८९ ते १८९८ हा काळ आपणा सर्वांसमोर ठेवावा असे वाटले, कारण आपल्या भाषेत आणि आपल्या मुलखात, इतक्या अडचणीत आणि इतक्या स्वच्छपणे दिलेली साक्ष मला दुसरी माहीत नाही.

पूर्ववृत्त बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. पुराणे सांगत देशभर फिरणारे त्यांचे कुटुंब १८७० नंतरच्या दुष्काळात उद्ध्वस्त झाले. आई, वडील आणि बहीण उपासमारीने गेली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८२ साली वैधव्य आले, त्याच वर्षी पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि पुढच्या वर्षी वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे ते शिक्षण होऊ शकले नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी आपली लहानगी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला.

रमाबाईंना पहिला विरोध ख्रिस्ती लोकांकडूनच झाला, ही गोष्ट आपण फार क्वचित सांगतो. वाँटेजच्या ज्या मठवासी भगिनींनी त्यांना आश्रय दिला त्यांची अपेक्षा अशी होती की नवख्रिस्ती स्त्रीने चर्चची शिकवण प्रश्न न विचारता स्वीकारावी. रमाबाईंनी पत्रामागून पत्र लिहून त्यांच्याशी वाद घातला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर आपण दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड मानेवर घेणार नाही, असा त्यांचा स्पष्ट पवित्रा होता. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असा आक्षेप भारतातील बिशपांकडून आला, तेव्हाही त्यांनी तो निमूटपणे मान्य केला नाही. ज्यांच्या घरी आपण राहतो आणि ज्यांचे अन्न खातो त्यांच्यासमोर आपली सदसद्विवेकबुद्धी शाबूत ठेवणे हे शत्रूला तोंड देण्यापेक्षा अवघड असते, असे माझे मत आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवा आणि निराधार मुलींसाठी शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवले. या कामाला अमेरिकेतील एका संघटनेने दहा वर्षे पैसा पुरवण्याचे वचन दिले होते, आणि अट अशी होती की संस्थेत कोणत्याही धर्माचे शिक्षण दिले जाणार नाही. रमाबाईंनी ही अट स्वीकारली आणि पाळली. मुलींना बायबलचा तास नव्हता, उपासनेला येण्याची सक्ती नव्हती आणि ज्यांना आपले व्रतवैकल्य करायचे त्यांना ते करण्याची मोकळीक होती. परंतु रमाबाई स्वतः रोज आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत आणि त्या वेळी खोलीचे दार लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. वादाला तोंड फुटले ते येथे.

त्यांच्यापुढे दोन सोपे मार्ग होते. दार लावून प्रार्थना केली असती तर सल्लागार खूश झाले असते, पुण्याचा रोष टळला असता आणि शाळेचे कामही निर्वेध चालले असते. किंवा चिडून अट मोडायची, मुलींना सरळ बायबल शिकवायला लागायचे आणि छळ झाला तर हुतात्म्याचा मान घ्यायचा. त्यांनी दोन्ही केले नाही. मुलींवर मी काहीही लादणार नाही, परंतु माझ्याच घरात माझ्याच देवाला मी चोरून हाक मारणार नाही, ही त्यांची भूमिका होती, आणि तिची किंमत त्यांना १८९३ साली पूर्ण मोजावी लागली. रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले, ‘केसरी’ने कडाडून टीका केली आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. स्त्रीशिक्षणाच्या कामात जी माणसे त्यांच्या बाजूने उभी होती तीच दूर गेली, हे दुःख विरोधकांच्या शिव्यांपेक्षा मोठे असले पाहिजे.

बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात येशूचे शिष्य पेत्र आणि योहान यांना येशूच्या नावाने बोलू नका अशी तंबी मिळते, आणि सुटून आल्यावर मंडळी प्रार्थना करते. त्या प्रार्थनेत धमक्या बंद कर अशी विनंती नाही. धमक्यांकडे पाहा आणि आम्हांला तुझे वचन धैर्याने सांगू दे, एवढेच मागणे आहे. रमाबाईंचे ते उघडे दार मला याच प्रार्थनेच्या जातीचे वाटते. आपल्या आजच्या परिस्थितीत, घरी, कचेरीत, गावात, असे दार उघडे ठेवणे म्हणजे नेमके काय, यावर सर्वांनी लिहावे ही विनंती.

जिज्ञासू

भीमातीर ताई, लेख मनापासून आवडला. मी ख्रिस्ती नाही, तरीही रमाबाईंविषयी मला आदर आहे, म्हणून मनात अडलेली गोष्ट स्पष्टपणे विचारतो. राग मानू नये.

शारदा सदनापर्यंत तुमचे म्हणणे मला पटते. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली पुणे जिल्ह्यातील केडगावला आणल्या आणि पुढे त्यांतील अनेकींचा बाप्तिस्मा झाला. ज्या मुलीचे आईवडील उपासमारीने मेले आहेत, जिला अन्न, वस्त्र आणि छप्पर एकाच हाताकडून मिळते आहे, त्या मुलीला त्या हाताचा धर्म नाकारण्याचे स्वातंत्र्य खरोखर कितीसे असते? आणि हा धर्म त्या वेळी राज्यकर्त्यांचाही होता. ज्याला तुम्ही धैर्य म्हणता त्यात समोरच्याच्या असहायतेचा काही वाटा होता की नाही, याचे उत्तर मिळाल्याशिवाय माझ्यासारख्याला या साक्षीकडे निखळ आदराने पाहता येत नाही.

भीमातीर

जिज्ञासू, राग कशाचा मानायचा? हा प्रश्न ख्रिस्ती माणसाने स्वतःलाच विचारला पाहिजे.

आधी राज्यकर्त्यांविषयी लिहिते, कारण तेथे उत्तर सरळ आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या नावाखाली जे अत्याचार चालले होते त्यांविरुद्ध रमाबाईंनी उघडपणे वृत्तपत्रात लिहिले. त्यांच्याच आश्रमातील एक मुलगी प्लेगच्या रुग्णालयात नेली गेली आणि परत आली नाही, त्याबद्दल त्यांनी सरकारला जाब विचारला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे खोडून काढण्याचा प्रयत्न केला, तरी त्या मागे हटल्या नाहीत. राज्यकर्त्यांच्या धर्माचा आधार शोधणारी स्त्री सरकारविरुद्ध असे लिहीत नाही.

दुष्काळातील मुलींचा प्रश्न मात्र कठीण आहे आणि मी तो सोपा करून सांगणार नाही. रमाबाई दुष्काळी भागात गेल्या तेव्हा त्यांना आपल्या आईवडिलांचे मृत्यू आठवत होते, आणि निराधार मुलींना कुंटणखान्यासाठी पळवणारी माणसे तेथे फिरत होती हेही त्यांनी लिहून ठेवले आहे. त्या मुलींना उचलून आणणे हे आमिष नव्हते, ते जीव वाचवणे होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. १८९८ साली अमेरिकेच्या मदतीची दहा वर्षे संपली आणि केडगावचे मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून उभे राहिले. म्हणजे जुनी अट चालू असताना ती लपून मोडली गेली नाही, हेही लक्षात घ्यावे. तरीही आश्रित लेकराचा होकार आणि स्वतंत्र प्रौढ माणसाचा होकार यांत फरक असतो, हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. १९०० च्या सुमारास केडगावात दोन हजारांच्या आसपास मुली आणि स्त्रिया होत्या. इतक्या मोठ्या आश्रमात प्रत्येकीच्या मनाची चौकशी शारदा सदनातल्याइतकी बारकाईने झाली असेल, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. माझ्यासाठी शारदा सदनाचा काळ हाच आदर्श आहे आणि म्हणूनच मी धाग्यात तो निवडला. मदत आणि बाप्तिस्मा यांच्यात कोणताही सौदा असता कामा नये. जेथे तो असतो तेथे सुवार्तेची साक्ष उरत नाही.

वसईकर

आम्ही कॅथलिक, आणि वसईच्या बाजूचे. त्यामुळे जिज्ञासू यांच्या प्रश्नाचे आणखी एक अंग आम्हांला लहानपणापासून परिचित आहे.

आमच्याकडे श्रद्धा आली ती सोळाव्या शतकात, पोर्तुगीज सत्तेबरोबर. गोव्यात १५६० साली धर्मन्यायालय (इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाबद्दल शिक्षा देणारे न्यायालय) स्थापन झाले आणि ते, मधला थोडा खंड वगळता, १८१२ पर्यंत चालले. याच काळात याच भूमीवर फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ लिहिले आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. एकाच चर्चमध्ये एकीकडे न्यायालयाचा दरारा आणि दुसरीकडे लोकांच्या भाषेत, लोकांच्या छंदात येशूची कथा सांगण्याचा ध्यास. जेथे तलवार आपल्या बाजूला होती तेथे धर्माविषयी मोठ्याने बोलण्यास कोणतेही धैर्य लागत नव्हते, असे मी माझ्या मुलांना सांगतो. स्टीफन्सना मात्र धैर्य लागले असणार, कारण परक्या भाषेत नवशिक्या होऊन बसण्याची तयारी सत्ताधाऱ्याच्या अंगी सहसा नसते.

आजच्या काळाविषयी म्हणाल तर माझ्या डोळ्यांसमोर फादर फ्रान्सिस दिब्रिटो आहेत. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते अनेक वर्षे संपादक होते, त्यांनी बायबलचा सुबोध मराठी अनुवाद केला आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. परंतु वसईतल्या सामान्य माणसाच्या मनात ते कोरले गेले ते हरित वसईच्या आंदोलनामुळे. जमिनी गिळणाऱ्यांविरुद्ध आणि गुंडगिरीविरुद्ध उभे राहताना त्यांच्या जिवाला धोका होता, आणि त्या आंदोलनात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान असे सगळे शेतकरी एकत्र होते. उस्मानाबादच्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून काहींनी विरोध केला. जानेवारी २०२० मध्ये प्रकृती साथ देत नसतानाही ते व्यासपीठावर गेले आणि आपण येशूचे अनुयायी आहोत हे न लपवता मराठीविषयी, निसर्गाविषयी आणि अन्यायाविषयी बोलले. २०२४ साली त्यांचे निधन झाले. आमच्याकडची उघड्या दाराची साक्ष ही अशी आहे. लोकांच्या प्रश्नात उतरलेल्या माणसाला तू हे का करतोस असे लोकच विचारतात, आणि त्या वेळी उत्तर टाळायचे नसते.

आंबराई

मी येथे सहसा वाचतेच, लिहीत नाही. परंतु भीमातीर ताईंनी घर आणि कचेरी असे स्पष्ट विचारले आहे, म्हणून लिहिते.

मी हिंदू कुटुंबातली. महाविद्यालयात असताना येशूवर विश्वास बसला आणि विचारपूर्वक, सज्ञान झाल्यावर, बाप्तिस्मा घेतला. आईवडिलांना हे ठाऊक आहे, पण नातेवाइकांसमोर विषय निघू नये अशी त्यांची इच्छा असते. सणाच्या दिवशी घरी गेले की आई डोळ्यांनीच विनवते. कामाच्या ठिकाणी मी रविवारी कोठे जाते हे विचारले जाते तेव्हा मी ‘बाहेर’ म्हणते. मी खोटे बोलत नाही, पण खरेही सांगत नाही. पेत्राने येशूला तीनदा नाकारले ते वाचताना मला आता पूर्वीसारखे सहज पुढे जाता येत नाही.

मला प्रश्न असा आहे की आईच्या मनाला जपणे आणि प्रभूला नाकारणे यांत सीमा कोठे ओढायची? रमाबाईंचे आईवडील तेव्हा हयात नव्हते. ज्यांच्या मागे घर आहे त्यांनी दार किती उघडावे?

जालनामार्ग

आंबराई ताई, तुमचा प्रश्न वाचून बराच वेळ थांबलो. मी मराठवाड्यातला, आणि आमच्या लोकांची अडचण थोडी वेगळी आहे. ती सांगितल्याशिवाय हा धागा अपुरा राहील.

रमाबाईंच्या कितीतरी आधी, १८४३ साली, मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्यांचा लहान भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहावयास गेला होता. तो अल्पवयीन असल्यामुळे न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले, आणि मग त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावरून मोठे वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या बाजूने उभे राहून बहिष्कार सोसला. जिज्ञासू यांनी विचारलेला वयाचा आणि स्वातंत्र्याचा प्रश्न किती जुना आहे, हे यावरून कळेल. नारायण शेषाद्री पुढे जालन्याला आले आणि मांग समाजातल्या आमच्या पूर्वजांमध्ये राहिले. त्यांनी बेथेल नावाची वसाहत वसवली. एका ब्राह्मणाने मांगवाड्यात येऊन शेजारी बसणे हीच त्या काळी पहिली सुवार्ता होती. शब्द नंतर आले.

आता आजची गोष्ट. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या होत्या; १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती दलितांना आजही नाहीत. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी २०२२ साली न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. गावात आमची जात कोणी विसरलेले नाही. बाप्तिस्म्याने वाडा बदलत नाही. परंतु कागदावर ख्रिस्ती लिहिले की पोराची शिष्यवृत्ती जाते. त्यामुळे आमच्याकडे अशी कुटुंबे आहेत जी रविवारी मंडळीत पुढच्या रांगेत बसतात आणि दाखल्यावर ‘हिंदू’ लिहितात. शहरातील ख्रिस्ती बांधव त्यांना भित्रे म्हणतात, तेव्हा मला फार वाईट वाटते. ज्याच्यापुढे पोराच्या शिक्षणाचा आणि विश्वासाच्या जाहीर नावाचा असा हिशेब कधीच आला नाही, त्याने हा शब्द वापरू नये. मी स्वतः दाखल्यावर ख्रिस्ती लिहिले आहे आणि त्याचे परिणाम माझ्या मुलांनी सोसले आहेत. तरीही दुसऱ्याने तसे लिहिले नाही म्हणून त्याचा विश्वास कमी, असे मी म्हणणार नाही. प्रत्येकाने ते प्रभूसमोर ठरवायचे. मला मात्र वाटते की आपण मंडळी म्हणून त्या कुटुंबांची फी भरू शकलो, तर त्यांना धैर्य शिकवण्याचा आपल्याला थोडाफार अधिकार येईल.

भीमातीर

जालनामार्ग दादा, तुमचे शेवटचे वाक्य मी आमच्या पंचांच्या सभेत जसेच्या तसे वाचून दाखवणार आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या त्याच चौथ्या अध्यायात धैर्याने वचन सांगणाऱ्या मंडळीत कोणालाही उणे नव्हते असे लिहिले आहे. या दोन गोष्टी ते पुस्तक लिहिणाऱ्या लूकने शेजारी शेजारी ठेवल्या आहेत आणि आपण त्यांतील पहिलीच वाचतो.

आंबराई, तुझ्यासाठी मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. पुढची काही वर्षे दोघे वेगळे राहिले. टिळकांनी आपला विश्वास एका दिवसासाठीही लपवला नाही, आणि बायकोवर तो लादलाही नाही. लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याकडे राहावयास आल्या तेव्हा त्यांचा स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवण्याची सोय केली गेली, म्हणजे ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात त्यांचे सोवळे सांभाळले गेले. लक्ष्मीबाईंच्या मनातले जातीचे बंधन हळूहळू, त्यांच्याच विचाराने सुटले आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ही हकिगत त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त आपल्या शब्दांत लिहिली आहे आणि मराठी वाचणारा प्रत्येक जण ती आपली मानतो. नगरच्या त्या घरात दोन विश्वास एकमेकांचे अस्तित्व मान्य करून राहिले.

तेव्हा माझे मत असे की आईच्या नातेवाइकांसमोर विषय काढणे हे तुझे कर्तव्य नाही. आई विनवते तेव्हा गप्प राहणे हे नाकारणे नव्हे. परंतु कोणी सरळ विचारले तर सरळ उत्तर द्यावे, एका वाक्यात, आवाज न चढवता. पेत्राच्या पहिल्या पत्रात हेच सांगितले आहे : तुमच्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सिद्ध असा, पण सौम्यतेने आणि आदराने. तीनदा नाकारलेल्या माणसाच्या नावावर असलेल्या पत्रात हे यावे, याचे मला फार समाधान वाटते. रविवारी कोठे जातेस या प्रश्नाला ‘उपासनेला’ हे उत्तर पुरेसे आहे. त्यापुढचे विचारायचे की नाही ते विचारणाऱ्यावर सोड.

पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिले तेव्हा तो बंधनात होता, आणि तो कळवतो की माझ्या बेड्यांमुळे सुवार्ता मागे पडलेली नाही, पहाऱ्यावरच्या सैनिकांपर्यंतही ती पोहोचली आहे. त्या सैनिकांना त्याने शोधले नव्हते. ते त्याच्या शेजारी उभे होते आणि तो कसा वागतो हे पाहत होते. आपल्यापैकी बहुतेकांचे कामाचे ठिकाण असेच आहे.

आंबराई

ताई, आभारी आहे. ‘उपासनेला’ हा शब्द मला आजवर सुचला नव्हता. पुढच्या वेळी विचारले तर तोच सांगेन. आईशी बोलायला अजून वेळ लागेल, आणि आता मला त्याची लाज वाटत नाही.

जिज्ञासू

सर्वांचे प्रतिसाद वाचले. जालनामार्ग यांनी लिहिलेली परिस्थिती मला खरोखर माहीत नव्हती.

एक शेवटची गोष्ट विचारतो. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदात धर्म मानण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्यही आहे, आणि १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही. तुमचे उघडे दार कायद्याच्या या चौकटीत नीट बसते असे मला वाटते. पण दाराला दोन बाजू असतात. तुमच्या घरातील, तुमच्या मंडळीतील एखादी मुलगी विचारपूर्वक बाहेर जाऊ लागली तर हेच दार उघडे राहील का? माझ्यासारख्या माणसाचा विश्वास या उत्तरावर अवलंबून आहे.

वसईकर

प्रश्न रास्त आहे. आमच्या गावात हे घडते तेव्हा घरचे लोक रडतात, काही जण वर्षभर बोलत नाहीत. पण चर्चचीच शिकवण आहे की श्रद्धेचा होकार मुक्त असला पाहिजे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्यावरील आपल्या घोषणेत हे निःसंदिग्धपणे सांगितले. ती शिकवण फक्त आत येणाऱ्यांपुरती असू शकत नाही.

भीमातीर

जिज्ञासू, होय, उघडे राहिले पाहिजे, आणि याचेही उत्तर शारदा सदनातच आहे.

त्या संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक होती गोदूबाई, एक बालविधवा. ती तेथे राहिली, शिकली आणि ख्रिस्ती झाली नाही. १८९३ साली, म्हणजे वाद टोकाला पोहोचला त्याच वर्षी, तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि आनंदीबाई झाली. तीन वर्षांनी कर्व्यांनी विधवांसाठी स्वतःची संस्था काढली. रमाबाईंच्या घरात शिकलेली मुलगी हिंदू राहून रमाबाईंच्याच कामाला दुसरी वाट देणाऱ्या घरात गेली. सारे पुणे धर्मांतराचा आरोप करीत असताना ही मुलगी त्या आरोपाचे चालते-बोलते उत्तर होती, पण त्या गदारोळात तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

आमच्या मंडळीपुरते सांगायचे तर प्रार्थनासभा बंद न करण्याचा निर्णय झाला आहे. ज्यांना घर देण्याची भीती वाटते त्यांना आम्ही आग्रह करणार नाही. सभा दोन घरांत आळीपाळीने होईल, शेजाऱ्यांना आधी सांगून होईल आणि खिडक्या लावून घेतल्या जाणार नाहीत. अठरा वर्षांखालील कोणालाही घरच्यांच्या संमतीशिवाय बसवायचे नाही, हेही ठरले. तुम्ही पुण्याच्या आसपास असाल तर एखाद्या बुधवारी अवश्य या. जालनामार्ग दादा, बेथेलच्या वसाहतीविषयी तुम्ही स्वतंत्र धागा लिहावा अशी विनंती आहे. शिष्यवृत्तीच्या निधीची चर्चा आपण तेथेच पुढे नेऊ.